सात बांबूंचा एक खांब

१८ एप्रिल
आजवर स्वतःच्या हातांनी बनवलेलं: सागवानी देवघर, बायकोचं, द्वारकेचं, शिलाई मशिनचं टेबल, बिनखिळ्याची शिडी, गॅलरीचा कठडा, पूर्णिमाचा पाळणा (दोनदाच पडली). कशालाही कॉलेज लागलं नाही. आता पूर्णिमाच्याच लग्नाचा मांडव. ८ मे, आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीचं पार्किंग. पूर्णिमा म्हणाली, बाबा, निदान लग्नात तरी भाड्याचं आणू या. लहान आहे अजून.

१९ एप्रिल
डिझाईन पक्कं. बांबू एकटा वाढत नाही, बेटात वाढतो. केळं घडात. जुन्या देवळांतले खांब नीट बघावेत, एकाच दगडात बारीक खांबांची जुडी कोरलेली असते. म्हणून माझा एकेक खांब सात बांबूंचा, काथ्याने करकचून बांधलेला. असे चार. वर नारळाच्या झावळ्या. बांबू हिरवेगार, आजच तोडलेले. वाळलेला बांबू म्हणजे मेलेला बांबू.

२१ एप्रिल
दत्तोबा आला. शाळेतला दोस्त, आता मांडववाला. लोखंडी पाइपांची ऑफर घेऊन आला होता. इथे लिहिण्याच्या लायकीची नाही. वर माझ्या बांबूला हात लावून म्हणतो, ओला आहे रे. कॉलर धरली. त्याच्या शर्टाची दोन बटणं गेली. जाताना म्हणाला, ती तरी स्वतःच्या हाताने लावून दे.

२६ एप्रिल
मुहूर्तमेढ रोवली. लोक एक काठी रोवतात, मी अख्खा खांब. सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ म्हणाले, एका लग्नाला सात मेढी, मग उरलेली सहा लग्नं कुणाची? मी कोयता त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. नुसता ठेवला. ओरखडा आधीचाच असणार.

३० एप्रिल
भयंकर ऊन. द्वारकेने खांबाच्या दोरीखाली लाटणं घालून दाखवलं. परवा इथे बोट जात नव्हतं, म्हणे. आणि मंडईतून आणलेल्या मेथीच्या जुडीचा दोरा दोन दिवसांत सैल होतो, ते कधी बघितलंय का तुम्ही?
स्वयंपाकघरातली उदाहरणं बांधकामात चालत नाहीत. खांब सेट होतोय. लाटणं गुडघ्यावर मोडलं. गुडघा सुजलाय.

४ मे
दोरीखाली आता मनगट जातं. माझं, म्हणजे भरीव. दोऱ्यांवर जरीचं कापड गुंडाळलं. प्रश्न मिटला.

७ मे, दुपारी
झावळ्या चढल्या. असा मांडव पुण्यात झाला नसेल. बद्रीनाथ म्हणाले, उद्या याच्याखाली नवरदेवाची आजी बसणार आहे, एकदा टेस्ट तरी करा. म्हटलं, आत्ता करतो, तुम्ही इथेच उभे राहा.

७ मे, संध्याकाळी
डाव्या हाताने लिहितोय. मुहूर्तमेढीलाच लाथा घातल्या. पहिल्या दोन लाथांना खांबाने उत्तम साथ दिली. तिसरीला सात बांबू सात दिशांना. मग बाकीचे तीन खांब. मग झावळ्या. माझं खांद्याचं हाड मोडलं, बद्रीनाथांच्या डोक्याला पाच टाके. टाके नंतर पडले. आधी त्यांनी रक्ताळलेल्या शर्टानिशी एक बांबू उचलून मला चार ठेवून दिले. बांबू मोडला नाही. मालाची क्वालिटी इथे सिद्ध होते.

८ मे
हॉस्पिटल. द्वारकेने रात्रीच दत्तोबाला फोन केला होता. त्याचा सगळा माल दुसऱ्या लग्नात अडकलाय. पार्किंगमध्ये उन्हातच अक्षता पडल्या, पाहुणे छत्र्या उघडून बसले होते. मी व्हिडिओ कॉलवर. पूर्णिमाने फोनकडे बघितलं नाही. ऊन डोळ्यांवर येत असेल.
मुहूर्तमेढीच्या जागी द्वारकेने त्यातलाच एक बांबू रोवला होता. एकच. शेवटपर्यंत उभा होता.

मी नाकारलेली दत्तोबाची ऑफर, रेकॉर्डसाठी: अख्खा लोखंडी मांडव, खुर्च्या, पंखे, लावायला-काढायला माणसं. पूर्णिमाला आहेर म्हणून. रक्कम: शून्य रुपये.