कूस बदलताना

१० मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा पोचलं. भाऊजींचा खोकला थांबला आणि तुझ्या शाळेच्या परीक्षा सुरू झाल्या, दोन्ही बातम्या कळल्या. पहिलीचा आनंद झाला, दुसरी वाचून त्या पोरांची कीव आली. इकडे आम्ही तिघंही ठीक. फोन सोडून मी पत्रं का लिहीत बसते, असं विचारलंस. अगं, फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद मध्ये बोलत नाही.

माझं म्हणशील तर आठवा महिना सरत आला. दारातून आधी पोट येतं, मागून मी. गेल्या आठवड्यापासून ऑफिसातून रजा घेतली आहे, म्हणजे घ्यावी लागली. नकाशाच्या टेबलापाशी उभं राहिलं की हात कागदापर्यंत पोचेनात. साहेबांनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी म्हणाले, ही नदी इथं सरळ वाहते, तुम्ही तिला पोटाला वळसा घालून नेलं आहे. आता घरी जा.

घरी आले, पण झोपेचं काही जमेना. तुला ठाऊकच आहे, मी जन्माची पालथी झोपणारी. लहानपणी तू मला सुलटी करायचीस आणि तुझी पाठ वळली की मी पुन्हा पालथी. आता पालथं होण्याचा प्रश्नच नाही. उताणं झोपायचं नाही असं डॉक्टरबाईंनी बजावलंय. या दिवसांत कुशीवरच झोपायचं, डावी असो की उजवी. पाठीवर असताना जाग आलीच तर घाबरायचं कारण नाही, मुकाट्याने कूस बदलायची. ऐकायला सोपं आहे. मला कूस बदलायची म्हणजे आधी एक उसासा, मग कोपर, मग गुडघे, मग पोटाची मनधरणी. एवढं करून झालं की पोटरीत गोळा येतो. तो उतरतो तोवर बाथरूमला जायची वेळ होते. परत येते तोवर छातीत जळजळ.

उशा वाढत गेल्या. गुडघ्यांमध्ये एक, पोटाखाली एक, पाठीला टेकायला एक, डोक्याखाली दोन. नवरोबा पलंगाच्या कडेला हद्दपार झाला. क्रेन चालवणारा माणूस, त्याला टोकावर बसायची सवय आहे म्हणून बरं. परवा उशांच्या पलीकडून विचारत होता, तिकडची हवा कशी आहे.

घरात गाद्यांचं दुकान असून सून जागते, ही गोष्ट बाबांना फार लागली. बाबा म्हणजे माझे सासरे. तू त्यांना लग्नातच पाहिलंयस, तेही गप्प बसलेले. अजूनही तसेच आहेत. त्यांनी काही न बोलता एक अर्धगोल उशी शिवून आणली. ती इतकी टणक की मी तिच्यावरून घरंगळून नवऱ्याच्या अंगावर गेले. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याएवढा लांब लोड केला. तो मऊ होता, छान होता, पण सकाळी पाहिलं तर त्याला मिठी मारून नवरा घोरत होता.

माप घेतल्याशिवाय हे जमणार नाही हे बाबांनाही कळत होतं. पण सुनेच्या पोटाला टेप लावायचा म्हणजे काय! त्यांनी मुलाकडून निरोप पाठवला, दुकानात येऊन जा. गेले, तर त्यांनी मागच्या खोलीत पिंजलेल्या कापसाचा ढीग पसरून ठेवला होता, वर स्वच्छ चादर. म्हणाले, कुशीवर पड आणि ऊठ. आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. मी पडले. उठणं काही लवकर जमलं नाही, पण उठले. मग बाबा आत आले आणि त्या चादरीवर उमटलेला खळगा बराच वेळ बघत बसले. मी आणि बाळ, दोघांचा मिळून एक खळगा. त्यांचा चेहरा त्या वेळी तू पाहायला हवा होतास.

त्यावरून केलेली उशी काल मिळाली. पोटाखाली पातळ, गुडघ्यांपाशी जाड, पाठीमागून वळून येणारी. अगदी मापात.

मी कधी निघणार ते विचारलंस. खोलीला नवा रंग दिलास, पलंग भिंतीकडून हलवलास, हेही वाचलं. किती करतेस ग. प्रवासाचं डॉक्टरबाईंना विचारून कळवते. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी


२३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं चार ओळींचं पत्र आलं. “उशांवर इतकं लिहिलंस आणि येण्याबद्दल एक ओळ. झोप लागते का ते खरं सांग.” तू गणित शिकवतेस ते उगीच नाही. उत्तर सोडून बाकी सगळं मांडलं की तुला लगेच कळतं.

खरं सांगते. उशी मापात झाली, कंबर दुखायची थांबली, पोट ओढेना, आणि तरी मला झोप लागली नाही. आधी निदान दुखण्याला बोल लावता येत होता. आता सगळं अंग आरामात आणि मी टक्क जागी, हात पोटावर. बाळ हललं की बरं वाटायचं, मग पुढच्या हलण्याची वाट. डोळा लागतोय असं वाटलं की मीच दचकून उठायचे. नवऱ्याला वाटे जळजळ होतेय. तो बिचारा थंड दूध आणून द्यायचा. मी प्यायचे.

बाबांच्या ते लक्षात आलं. एका दुपारी मी त्यांचा डबा घेऊन दुकानात गेले होते. नवी गादी जमिनीवर पसरून ते तिला टाके घालत होते. दुसरी एक तयार गादी शेजारी होती, तिच्यावर मी टेकले. त्यांनी मान वर न करता विचारलं, “उशी नीट नाही झाली का?”

मी म्हटलं, फार छान झाली आहे.

“मग?”

ताई, जे मी नवऱ्याला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही, ते मी त्या मुखदुर्बळ माणसाला सांगून बसले. म्हटलं, बाबा, मला झोपायची भीती वाटते. मागच्या वेळी मी ताईकडे होते. कित्येक दिवसांनी त्या दुपारी मला गाढ झोप लागली होती. उठले तेव्हा पोट शांत होतं. तसंच शांत राहिलं.

दाभणात दोरा ओवायला त्यांना नेहमी क्षणभर पुरतो, त्या दिवशी बराच वेळ लागला. मला वाटलं, उगीच बोलले, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला घोर लावला. मग ते म्हणाले, “ही गादी संध्याकाळपर्यंत व्हायची नाही. मी इथंच बसणार आहे. तू झोप. मी जागा आहे.”

एवढंच. समजूत घातली नाही, असं काही होत नसतं म्हणाले नाहीत. मी त्या गादीवर कुशीवर कलंडले, त्यांनी कापसाची एक मोठी पोतडी माझ्या पाठीला सरकवून दिली आणि पुन्हा टाके घालायला बसले. दोरा ओढल्याचा आवाज येत होता. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं. एक बाई आल्या, बंदराजवळ त्यांचं लॉज आहे. खोल्यांसाठी गाद्या हव्या होत्या. तोऱ्यात आत शिरल्या, मला पाहिलं आणि तिथंच थबकल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, मला हीच गादी दाखवा, हिच्यावरची. बाबा म्हणाले, सून आहे माझी, उठली की दाखवतो. बाई म्हणाल्या, थांबते. आणि खरंच थांबल्या, स्टूल ओढून माझ्या पायाशी. बाबांनी चहा मागवला तर पोरग्याने कपबशी वाजवली म्हणून बाईंनीच त्याला दटावलं. म्हणे, माझ्या लॉजवर माणसं रात्रभर कुरकुरतात, इतकी शांत झोपलेली बाई मी कधी पाहिली नाही, मला सगळ्या खोल्यांना ह्याच गाद्या द्या. बाबांनी प्रामाणिकपणे सांगून पाहिलं की गादी साधीच आहे, झोप तिची स्वतःची आहे. बाईंना ते काही पटलं नाही.

मला जाग आली ती लाथेने. चांगली सणसणीत, बरगडीखाली. डोळे उघडले तर समोर एक अनोळखी बाई बशीत चहा घेऊन माझ्याकडे कौतुकाने बघतेय. मी आधी पोटावर हात ठेवला. पुन्हा लाथ. मी रडायला लागले आणि हसायलाही. बाईंना काही कळेना. त्या म्हणाल्या, असू दे हो, मलाही व्हायचं असं.

घरी आल्यावर मी नवऱ्यालाही सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, मी इतके दिवस तुला दूध पाजत होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरबाईंकडे गेलो. मी त्यांना सरळ विचारलं, जागी असते तर वाचलं असतं का?

त्यांनी विचारलं, त्या वेळच्या डॉक्टरांनी काय कारण सांगितलं होतं? मी म्हटलं, नाळेला गाठ पडली होती. तेव्हा हे आपल्याला सांगितलं होतं, ताई. तूही तिथंच होतीस. माझ्या कानांनी ऐकलं, पण आत गेलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, “मग त्या गाठीला काय कळणार, आई झोपली आहे की जागी? तुमच्या झोपेने काही झालं नाही. तुमच्या जागण्यानेही काही टळलं नसतं.” मग सरळ कामाचं बोलल्या. बाळाची हालचाल कमी वाटली तर उद्यावर टाकायचं नाही, वेळ बघायची नाही, लगेच यायचं. बाकी वेळ झोपायचं. झोप हे तुमचं आत्ताचं काम आहे, म्हणाल्या. साहेबांनंतर मला काम नेमून देणाऱ्या या पहिल्याच.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. तीनदा कागद बाजूला ठेवला, पण आता लिहितेच.

त्या दुपारी तू खिडकीचा पडदा ओढलास. भाऊजींना रेडिओ बंद करायला लावलास. शेजारीण आली तर तिला दारातूनच म्हणालीस, झोपलीय ती, उठवू नका, किती दिवसांनी डोळा लागलाय. मी अर्धवट झोपेत हे सगळं ऐकलं होतं. त्यानंतर आपण एकदाही त्या दुपारबद्दल बोललो नाही. पण तेव्हापासून तुझ्या प्रत्येक पत्रात “झोप लागते का” हा प्रश्न असतो आणि त्याच्या पुढच्याच ओळीत तू घाईने दुसरा विषय काढतेस. मी माझ्या झोपेला दोष देत होते आणि तू तुझ्या पडद्याला. दोघी दोन घरांत, एकच गोष्ट उशाशी घेऊन जागत होतो. हो की नाही? नसेल तर तुझी धाकटी बावळट आहे असं समज आणि सोडून दे.

पण असेल, तर डॉक्टरबाईंचं ते गाठीचं बोलणं पुन्हा वाच. ते मी तुझ्यासाठीही विचारून आले आहे. आई गेल्यावर तू मला झोपवलंस, न्हाऊ घातलंस, शाळेत सोडलंस. त्या दुपारीही तू तेच केलंस. दुसरं काही केलं नाहीस.

आणि ताई, मी तुझ्याकडे येत नाही. रागावू नकोस. खोलीला कोणताही रंग दे, पलंग कुठेही हलव, ती खोली मला अजून पेलवायची नाही. कधीतरी येईन, रांगणारं कुणीतरी बरोबर घेऊन, आणि मग ती खोली आपल्याला पुरायची नाही. या वेळेला मात्र तू इकडे ये. परीक्षा संपल्या की लगेच, पेपर इथं बसून तपास. नवऱ्याच्या पाळ्या बदलत असतात. बाबा दुपारभर पहारा देतात, पण आता लॉजवालीच्या गाद्या अंगावर पडल्यात आणि मधूनमधून त्यांचाच डोळा लागतो. काल आम्ही दोघंही घोरत होतो, गिऱ्हाईक हाका मारून परत गेलं.

मी आता बरी झोपते. रोज नाही, पण झोपते. गालावर उशीच्या शिवणीचा वळ उठलाय, नवरा म्हणतो छान दिसतो. गाडी कुठलीही धर, स्टेशनवर तो घ्यायला येईल. वेळ-अवेळ बघू नकोस, दार ढकललं की उघडतं, बाबांनी मुद्दाम कडी सैल केली आहे. आत ये, हातपाय धू, माझ्या शेजारी बस. आणि तू येशील तेव्हा मी झोपलेली असले, तर ताई, मला उठवू नकोस.

वाट बघतेय, दोन्ही डोळे मिटून.

तुझी,
धाकटी