होडीच्या फळीतली लाख

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या फोटोत आता तुमची नुसती मिशी उरलीय. तिच्याकडेच बघून बोलते. मला अक्षर येत नाही, शाळेत तुम्हीच घातलं नाही; म्हणून लिहितेय माझी नात. आज गुरुवार, एमआयडीसीतली लाइट बंद, तिच्या मशिनी गप्प, म्हणून तिला वेळ आहे. तरी गाल फुगवूनच लिहितेय, कारण चार दिवसांपूर्वी तिनं मला शेडमध्ये यायची बंदी घातलीय. सुताराच्या लेकीला सुतारकामाच्या शेडमध्ये बंदी! आणि आबा, यात निम्मा दोष तुमचा आहे.

तुमच्या बैलगाड्या गेल्या, बाजा गेल्या. आता तळवड्याला पत्र्याच्या शेडमध्ये नात टेबलं-खुर्च्या करते, सागवानाच्या, आणि कोकणातून मोडीत निघालेल्या होड्यांच्या फळ्या आणून त्यांच्याही. समुद्रात मुरलेलं लाकूड, लोखंडासारखं. पण खिळे उपटले की फळीभर भोकं राहतात, आणि प्रत्येक भोकाभोवती गंजाचं काळं वर्तुळ, काजळ फिसकटल्यासारखं. तुम्ही असतात तर अशी फळी सरळ चुलीत घातली असतीत.

मला आपलं अंगण दिसतंय. भाऊ रंधा मारतोय, तुम्ही वाकसानं बाभूळ तासताय, आणि मी कोपऱ्यात शेगडीपाशी. एकदा वाकस उचलला तर तुम्ही म्हणालात, “पोरीच्या जातीला हत्यार कशाला? तू आपली भोकं बुजव.” बुजवली. लाख वितळवायची, त्यात त्याच लाकडाचा भुसा मिसळायचा, तापल्या सळईनं भोकात दाबायची, गार झाली की काचेच्या तुकड्यानं खरवडायची. बोट फिरवूनही भोक सापडायचं नाही. भावाला हे कधी जमलं नाही. पाटलांकडची माणसं पलंग न्यायला आली, “काय गुळगुळीत काम हाय!” म्हणाली, तेव्हा मी हरखून बोलले, “भोकं मी बुजवलीत.” माणसं वळताच तुम्ही माझा कान पिळलात. “गिऱ्हाइकापुढं भोकाचं नाव काढतीस? दिसलं न्हाई म्हंजे न्हाईच ते!” म्हणजे काम चांगलं झालं की ते दिसायचं नाही, आणि दिसलं नाही की ते झालंच नाही. वा आबा! भावाला वाकस दिलात, मला हे दिलंत.

मागच्या पंधरवड्यात एका कंपनीसाठी होडीच्या फळ्यांचं लांबलचक टेबल तयार झालं. नात दोघा कारागिरांना घेऊन दोन दिवस महाळुंग्याला दुसऱ्या कामाच्या फिटिंगला गेली. मी लाख तापवली आणि एकूण एक भोक बुजवलं. परत येऊन तिनं शेड डोक्यावर घेतली.

“आज्जी, अगं त्या भोकांसाठीच घेतायत ते टेबल! ही होडी होती हे कळायला नको?”

“मला कुणी सांगितलं का?”

“सांगायचं काय त्यात? तुला हात लावायला कुणी सांगितलं होतं?”

मग तीन दिवस ती आणि दोघं कारागीर दाभण घेऊन लाख उकरत बसले. कुठं कुठं कडांचे टवके उडाले. गिऱ्हाइकानं टेबल नेलं, पण तोंड वाकडं करून. ते गेल्यावर ही मला म्हणाली, “आता तुझे हात घरीच ठेव.”

कुठं ठेवू, आबा? लसूण सोलते. चौघांच्या घरात किती लसूण लागतो? पटाशी येत नाही, करवत येत नाही. येतं ते एकच, आणि ते आता कुणाला नको. शिकलेली माणसं भोकं मिरवायला टेबल घेतात. भाऊ असता तर या वयातही त्याला कुणी शेडबाहेर काढलं नसतं. तुमचाच राग येतो, आणि तुम्ही मिशी घेऊन भिंतीवर सुखरूप.

नात विचारतेय, “हे पत्र टाकायचं कुठल्या पेटीत?” कुठल्याच नाही. पण एवढं सांगते, आणि तिला लिहायचं तर लिहू दे. त्या कंपनीचा माणूस टेबल सांगायला आला तेव्हा मी दारातच बसले होते. “भोकं तशीच ठेवा हां, मॅडम,” म्हणाला. मला चांगलं ऐकू आलं होतं. तरी बुजवली. आणि ही आली, टेबलावर वाकली, तळवा फिरवत राहिली, “इथंच होती ना? कुठं गेली?” म्हणून शोधत राहिली. ओरडायच्या आधीचा तेवढा वेळ, आबा, मला फार बरं वाटलं.