सोमवारचं वाचन

विझेऊ, १४ मे

प्रिय लिओंतीना,

सहा वर्षांत तुला चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. त्यांत नुसती माफी होती, आणि माफी तुला नको होती हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. हे पत्र मात्र पोस्टात पडणार आहे. आज माझ्याकडे तुला सांगण्यासारखं काहीतरी आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे, बाहेर शेजारीण नेहमीसारखी तिच्या कोंबड्यांना शिव्या घालते आहे, आणि मला किती दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटतंय म्हणून सांगू.

तुला तो दिवस आठवत असेलच. अंगातला कोटसुद्धा न काढता तू शाळेत माझ्या टेबलापुढे उभी राहिलीस. तुझा लेक, आदेरितो, बाहेर गाडीत बसला होता, काच वर करून. तू ओरडली नाहीस, ओरडली असतीस तर बरं झालं असतं. एवढंच विचारलंस, ‘ग्रासिएत, तू तुझी शाळा ओळखतेस का गं, की नुसती दाखवतेस?’ आणि गेलीस. त्यानंतर बाजारात मी दिसले की तू रस्ता ओलांडायला लागलीस. मी त्याबद्दल तुला कधी नावं ठेवली नाहीत. प्रश्न बरोबर होता.

खरं सांगू? नऊ वर्षं प्रवेशाच्या टेबलावर बसून मी आमची अर्धी शाळाही पाहिली नव्हती. पालक यायचे मंगळवारी आणि गुरुवारी. मी त्यांना दारातून ग्रंथालयात न्यायची, तिथून प्रयोगशाळा, प्रार्थनाघर, मग बागेतली ती लिंबाची झाडं. तिथे लोक हमखास फोटो काढायचे आणि मी घड्याळ बघायची. वरच्या मजल्यावर मी कधी चढले नव्हते. जेवणाच्या खोलीत गेले होते ते एकदा, नाताळच्या मेजवानीला. आणि सोमवारी तर मी टेबलावरून हलायचीच नाही, कारण शनिवार-रविवारचे सगळे फोन सोमवारी माझ्या डोक्यावर येऊन आदळायचे. प्रवेश घेताना तू विचारलंस, ‘आदेरितो बोलताना अडखळतो, त्याला चारचौघांत बोलायला लावणार नाहीत ना?’ आणि मी छातीठोकपणे म्हटलं, ‘अगं, आमच्याकडे मुलांवर कसलीच जबरदस्ती नसते.’ आमच्या माहितीपत्रकात तसं छापलं होतं. आणि ते माहितीपत्रक लिहिलं होतं कुणी, तर मीच!

सोमवारी सकाळी मोठ्या सभागृहात सगळी शाळा जमते आणि हजेरीच्या क्रमाने एकेक मूल व्यासपीठावर जाऊन एक पान मोठ्याने वाचतं, हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांची पद्धत, पोर्तुगीज शिकवणाऱ्या दोमितिलिया बाईंनी सुरू केलेली, आणि दाराशी बसणाऱ्या मला त्याचा पत्ता नाही. आदेरितोची पाळी आली तेव्हा मी खाली फोनवर कुणाला तरी बसची वेळ सांगत होते. तो पहिल्याच शब्दावर अडकला, तीनशे मुलं आधी गप्प बसली आणि मग गप्प राहिली नाहीत, हे मला तुझ्याकडून कळलं. शाळेतलं शाळेत बसून मला कळलं नाही, ते बाहेरून कळलं.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते, वाटल्यास हस. मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हटलं, मला रोज सकाळचे दोन तास टेबलावरून सुटी द्या, मला शाळा बघायची आहे. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘बाई, तुम्ही इथेच असता ना?’ मी म्हटलं, ‘दारात असते.’ दिली सुटी त्यांनी, वेड लागलेल्या माणसाला द्यावी तशी.

सुरुवात केली ती मुदपाकखान्यातून. झुलमिरा तिथली मुख्य स्वयंपाकीण, आवाज असा की भांडी हलावीत. तिने मला बघितल्या बघितल्या बटाट्यांची टोपली पुढे सरकवली. ‘नुसतं बघायचं असेल तर बाहेर जा बाई, इथे बघणाऱ्यांना जागा नाही.’ तीन आठवडे मी बटाटे सोलले, कोबी चिरला, बोट कापून घेतलं. आणि वाढायच्या खिडकीतून मला जे दिसलं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. कोण एकटं जेवतं, कोण दुसऱ्याच्या ताटातला मासा पळवतं, कुणाला शुक्रवारी भूक लागत नाही कारण पुढचे दोन दिवस घरीच काढायचे असतात. झुलमिराला प्रत्येकाचं ठाऊक! ‘त्या लाल स्वेटरवाल्याला सूप दोनदा घाल,’ ती म्हणायची, ‘आई परदेशी गेलीय त्याची, आणि विचारलं तर नाही म्हणेल.’

मग दारावरचा बेलमिरो. नऊ वर्षं आम्ही एकमेकांना फक्त ‘शुभ सकाळ’ म्हणत होतो. त्याने सांगितलं की कोणती मुलं गेट उघडायच्या आधी अर्धा तास येऊन थांबतात आणि कोणती घंटा होईपर्यंत कोपऱ्यावरच्या बेकरीत रेंगाळतात. गावाकडच्या बसमधून मी पहाटे आले, मागच्या सीटवर बसून. घाटात दोन्ही हातांनी पुढची सीट धरून ठेवली. वर्गांत शेवटच्या बाकावर बसले आणि गणितात पुन्हा एकदा नापास झाले असते. जे पाहिलं ते वहीत लिहिलं, जे नुसतं ऐकलं त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. पालकांना ‘माहीत नाही, बघून सांगते’ असं म्हणायला लागले, तेव्हा मुख्याध्यापक उखडलेच. ‘तुम्हाला प्रवेश द्यायला बसवलंय की पापांची कबुली द्यायला?’ त्या वर्षी प्रवेश थोडे कमीच झाले. पण वर्षाच्या मध्यात शाळा सोडून गेलं असं एकही मूल नव्हतं, आणि मग तेही बोलायचे थांबले.

सोमवारी सभागृहात जायला मात्र मला वर्ष लागलं. शेवटी एकदा गेले आणि सगळ्यांत मागे बसले. दोमितिलिया बाई पुढच्या रांगेत बसायच्या, चेहरा व्यासपीठाकडे, त्यांना वाचणारं मूल दिसायचं. मागून मला बाजूच्या भिंतीलगत पाळीची वाट बघत उभी असलेली मुलं दिसायची. त्यांचे स्वेटरची टोकं पिळणारे हात दिसायचे. मी बाईंना काहीच समजावायला गेले नाही, त्या वयाने आणि मानाने माझ्यापेक्षा मोठ्या, माझं ऐकलं नसतंच. एवढंच म्हटलं, ‘बाई, पुढच्या सोमवारी माझ्या शेजारी बसाल का?’ त्या बसल्या, तीन सोमवार. चौथ्या सोमवारी हजेरीची यादी गेली आणि फळ्यावर कोरा कागद लागला, ज्याला वाचायचंय त्याने नाव लिहावं. कुणीच लिहिलं नाही. तेव्हा बाई स्वतः उठल्या, वर गेल्या आणि वाचलं. पुढच्या आठवड्यात दोघांनी नाव घातलं. आता शुक्रवारपर्यंत कागद भरतो आणि मुलं त्यावरून भांडतात. मीही एकदा नाव घातलं होतं गं. दुसऱ्या ओळीला पान तसंच टाकून खाली उतरावंसं वाटलं. आदेरितोला आम्ही काय करायला लावलं होतं ते मला तेव्हा कळलं, पन्नाशी उलटल्यावर.

गेल्या सप्टेंबरात तो मला जत्रेत भेटला, तुला बोलला का? मी तोंड चुकवणार होते, तोच आडवा आला. ताडासारखा उंच झालाय. ‘ग्रासिएत मावशी’ म्हणायला त्याला वेळ लागला, मी थांबले, आणि त्याने ते पूर्ण केलं. मग मोटारींच्या इंजिनांविषयी पाव तास बोलला. त्यातलं मला काही कळलं नाही, पण घरी जाताना मी रस्त्याने रडत गेले, आनंदानेच. जुलिएतासुद्धा भावासारखीच अडखळते हे त्यानेच सांगितलं. माझ्या आठवणीतली जुलिएता अजून चार वर्षांची आहे, माझ्या पर्समधली किल्ली चोरणारी.

मंगळवारी सकाळी टपालात नव्या प्रवेशाचे अर्ज आले. तिसरा जुलिएताचा होता, तुझ्या अक्षरात. मी दार लावून बसले. मुख्याध्यापकांना सांगितलं आहे की या अर्जावर मी मत देणार नाही, दुसऱ्या कुणी बघावा. पण तुला मी उत्तर देणं लागते, आणि या वेळी ते माझ्या वहीतून देते. कुणी तिला व्यासपीठावर चढवणार नाही, हे मी चार वर्षं दर आठवड्याला डोळ्यांनी पाहते आहे. पाचवीच्या वर्गशिक्षिका मूल बोलत असताना थांबतात, मीही त्यांच्या वर्गात बसले आहे. गणिताचे मास्तर मात्र घाईचे, मुलांची वाक्यं स्वतःच पुरी करतात. सांगितलंय, कमी केलंय, बंद झालेलं नाही, आणि ते तिला टोचेल. बसमध्ये मोठी मुलं नकला करतात का हे मला माहीत नाही, तेव्हा पहिले काही दिवस तू तिला सोडायला ये. एवढं सगळं धरून, लिओंतीना, तिला आमच्याकडे पाठवायला मी हो म्हणते. आमच्या अर्जाच्या शेवटी एक प्रश्न असतो, शाळेविषयी कुणाकडून कळलं म्हणून. पुढे चौकोन असतात, वर्तमानपत्र, इंटरनेट, नातेवाईक वगैरे. त्याकडे कुणीच लक्ष देत नाही, मीसुद्धा पंधरा वर्षांत दिलं नव्हतं. तू ‘मैत्रीण’वर खूण केली आहेस. ती खूण बघून माझा जीव भांड्यात पडला, आणि म्हणून हे पत्र.

तुझीच,
ग्रासिएत