ह्यांच्या गालातली सुपारी

सोलापूर, बुधवार, कार्तिक वद्य पंचमी

आज लई आनंद झालाय. आजारपणापासून ह्यांचे हात थरथरतात अन् लाजेनं न्हाव्याला घरी येऊ देत नाहीत. दाढी वाढलेली, म्हणून ओसरीवरसुद्धा बसत नव्हते. शेवटी नातू सदा वस्तरा चालवायला शिकला, मडक्याला साबण लावून.

हे म्हणाले, "मडकं फोडलंस, माझं डोकं तरी शाबूत ठेव."

पण मडकं गोल, अन् ह्यांचे गाल दातांविना खोल गेलेले.

"आजी, हितं खड्डाच हाय की, फिरवू कुटं?"

मी गालात अख्खी सुपारी धरायला दिली. गाल फुगला, वस्तरा नीट फिरला. आधी का सुचलं नाही मला?

आरशात बघून हे ओसरीवर जाऊन बसले. सुपारी पुढं करून म्हणाले, "हीच कुटून दे, पान खातो."

किती दिवसांनी काही मागितलं.