डाव्या कानाचा लाल दिवा

१४ सप्टेंबर, रविवार

डावा इयरबड परत मेला! कालपासून डबीत होता. आज मोबाईलवर बघते तर — उजवा १००, डावा ९. नऊ!! एवढा वेळ डबीत बसून काय करत होता कोण जाणे.

गोदूआत्याच्या प्रणितने स्वतःला नवे इयरबड घेतले म्हणून हे जुने बाला दिले. माझा तडकलेल्या स्क्रीनचा जुना मोबाईल बाचाच करून टाकलाय, त्यात प्रणितने एक ॲप टाकून दिलं. मोबाईल बोलणाऱ्याजवळ ठेवायचा, इयरबड बाच्या कानात. आवाज मोठा होऊन कानात जातो. कानाच्या मशीनच्या शिबिराला नाव दिलंय, पण नंबर कधी लागेल ते देवालाच ठाऊक. तोवर हेच.

बाला खुणेने विचारलं, ऐकू येतं का? म्हणे, "नुसतं घुंई घुंई व्हतंय गो." होणारच ना! एका कानात चार्जच नाही तर दुसरं काय होणार?

१५ सप्टेंबर, सोमवार

आज पद्धतशीर तपासलं. आधी फक्त उजवा डबीत ठेवला — लाल दिवा लागला. मग फक्त डावा — काही नाही. जरा दाबला तर लाल! बोट काढलं की गेला. केबल बदलली, तेच. आत्याच्या घरच्या प्लगला लावून बघितलं, तेच. म्हणजे डबी बरी, केबल बरी, लाईटही बरी (सांजेला दोनदा गेली ती सोडून). दोष डाव्याचाच.

बा ओट्यावर बसून माझी गंमत बघत होता. इयरबडना तो चिंचोके म्हणतो. "चिंचोके रुजले का गो?"

रुजतील, रुजतील. तू हस.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज फोन आला! पडघ्याच्या गोडाऊनच्या ऑफिसातून. मॅडम म्हणाल्या, सिलेक्ट झालीस, सहा ऑक्टोबरला हजर हो. बिलिंगचं काम. राहायला तीन मुलींत एक खोली. इथून, डोळखांबवरून रोज जाणं-येणं जमणार नाही, तेव्हा राहावंच लागेल.

दोन वर्षं अर्ज करतेय. उड्या मारायला हव्या होत्या. मी मात्र फोन ठेवला आणि भांडी घासत बसले.

बाला एकटं कसं सोडू? गेल्या महिन्यात बांधावर घोणस पडली होती. मंगळूकाका पलीकडच्या खाचरातून बोंबलत होता — "बारकू, थांब! बारकू, मागं हो!" बा चालतोच आहे. दोन हातांवरून गेला. घरी येऊन निवांत हातपाय धुतले! आई गेल्यापासून त्याचे कान म्हणजे मीच. मी गेले तर कोण हाक मारणार आणि तो कशाने ऐकणार?

मॅडमना म्हटलं, २८ तारखेपर्यंत कळवते. दोन्ही इयरबड नीट चार्ज झाले, बाला ऐकू यायला लागलं, तर जाईन. नाहीतर नाही. ठरलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

शहापूरला मोबाईलवाल्याकडे गेले. त्याने डावा भिंगाखाली धरला आणि हसायलाच लागला. "ताई, हे कानात घालता की फोडणीत?"

बुडाला दोन सोनेरी टिकल्या असतात, तिथून चार्ज आत जातो. त्यावर तेल! तेलावर चुलीची राख बसून काळा थर धरलेला. चार्ज आत जाणार कुठून?

तेल म्हटल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गोदूआत्या! रोज दिवेलागणीला लसूण घालून कढवलेलं तेल घेऊन येते, भावाचं डोकं मांडीवर घेते, डाव्या कानात धार सोडते. कानातला वारा उतरतो म्हणे. उजव्यात घालत नाही, कारण बा त्याच कुशीवर झोपतो आणि गोधडी खराब होते. आणि तेल मुरलं की मी स्वतः त्याच कानात इयरबड कोंबते! आहे की नाही शहाणी?

घरी येऊन आत्याशी कडाक्याचं भांडण. ती म्हणाली, "तुझी डबी काल आली. माझं तेल तुझ्या आजीच्या येळचं हाय." मी म्हटलं, त्या तेलाने ऐकू आलं असतं तर बा आज रेडिओवर बातम्या ऐकत बसला असता! आत्या तोंड फिरवून वाटी घेऊन निघून गेली.

जरा जास्तच बोलले. आईमागे तिनेच सांभाळलं आम्हाला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जुन्या टूथब्रशने कोरडं घासलं, मग कापसाने पुसलं. डबीतले त्या टिकल्यांना टेकणारे खिळेही. डावा आत ठेवला — लाल! बोट काढलं — तरी लाल!! पाऊण तासाने दिवा विझला, म्हणजे पोट भरलं. डावा १००, उजवा १००.

बाच्या कानात घातले. मोबाईल हातात घेऊन म्हटलं, "बा!" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. म्हणाला, "घुमतंय."

कान तेलाने भरलाय अजून. सुकू दे.

२१ सप्टेंबर, रविवार

आत्याकडे जाऊन माफी मागितली. ती रुसलेली नव्हतीच, तांदूळ निवडत होती. मग तिच्याजवळ सगळं बोलून टाकलं. पडघा, नोकरी, सहा तारीख. म्हटलं, आत्या, मला जायचंय गो. फार जायचंय. पण बाला टाकून जाववत नाही. आणि त्या डबीचा तर भरवसाच नाही.

ती नुसती सूप आपटत राहिली.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आणि आज नवलच! सकाळी बघते तर बाने स्वतःच्या हाताने इयरबड घातलेले. मी समोर भाकरी ठेवली आणि विचारलं, चटणी देऊ का? ताडकन म्हणाला, "दे. आणि वरडू नको, साफ ऐकू येतंय."

साफ!!

आत्याने त्याच्या कानावर घातलं वाटतं नोकरीचं. म्हणजे कसं सांगितलं असेल ते तीच जाणे, दोघांच्या हातवाऱ्यांच्या भाषेत. बाने माझ्याकडे तो विषय काढला नाही. मीही नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

समोर उभी राहिले की बा ओठ वाचतो, मला माहीत आहे ना. म्हणून आज पाठीमागून परीक्षा घेतली. बा ओट्यावर, त्याच्या पुढ्यात आत्या तांदूळ पाखडत बसलेली. मी मोबाईल घेऊन मागे आंब्याखाली गेले. म्हटलं, "बा, डावा हात वर कर." केला! "टोपी काढ." काढली! "पाणी पी." तांब्या उचलून घटाघटा प्यायला!

मी तिथेच नाचले. आत्याला हसू आवरेना.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

डावा १००, उजवा १००.

२७ सप्टेंबर, शनिवार

डावा १००, उजवा ९८. दोन टक्क्यांनी जीव खाल्ला माझा. पुन्हा पुसला. १००.

२८ सप्टेंबर, रविवार

मॅडमना फोन करून टाकला — येतेय!

बाला सांगितलं. मान हलवून म्हणाला, "मग? शिकलीस कशाला? माझी भाकर थापायला?" आणि उठून खाचराकडे गेला. बराच वेळ पाठमोरा उभा होता. हळवं भात पिकायला आलंय, तेच बघत असेल.

५ ऑक्टोबर, रविवार

बॅग भरली. बाकडून चार्जिंगची उजळणी करून घेतली. आधी कापसाने पुसायचं. मग डावा डाव्या खड्ड्यात, उजवा उजव्यात. झाकण लावायच्या आधी लाल दिवा बघायचा. लाल दिसला तर झाकण. नाही दिसला तर पुन्हा पुसायचं. बाने तीनदा करून दाखवलं. बैलाला जू बांधताना करतो तेवढं मन लावून. चौथ्यांदा कर म्हटलं तर म्हणे, "मास्तरीण हायेस का भूत?"

आत्याला बजावलं, कानात तेल नाही म्हणजे नाही. थेंबसुद्धा नाही. तिने गळ्याची शपथ घेतली.

मंगळूकाकालाही सांगून ठेवलंय, बांधावर लक्ष ठेव.

बाने पिशवीत नाचणीचं पीठ घातलं. नको म्हटलं तरी घातलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

पडघा. खोलीत पंखा आहे, खिडकी नाही. काम कळतंय. सुपरवायझर चांगला वाटला. जेवताना एकदम रडू आलं. शेजारच्या रुपाने विचारलं, घरची आठवण का? म्हटलं, नाय गो, मिरची लागली.

८ ऑक्टोबर, बुधवार

बाला रोज सातला फोन करते. आत्या उचलते, "घे रे, पोरीचा हाय," असं म्हणते आणि त्याच्याकडे देते.

— बा, जेवलास?
— जेवलो गो!
— कापणी कधी?
— पुढच्या आठवड्यात!
— डावा किती दाखवतोय?
— शंभर!

प्रत्येक उत्तराआधी जरा थांबतो. आवाज पोचायला वेळ लागत असेल, पाड्यावर नेटवर्क असतं तरी कुठे धड. पण काय खणखणीत बोलतो! गेल्या चार वर्षांत बा माझ्याशी फोनवर कधी बोललाच नव्हता. फोन ठेवला आणि रुपाला म्हटलं, माझ्या बाला ऐकू येतंय. तिला त्यात काय विशेष ते कळलं नाही. जाऊ दे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मॅडम म्हणाल्या, कामावर हात बसलाय तुझा. खूप दिवसांनी शांत झोप लागतेय.

१२ ऑक्टोबर, रविवार

न सांगताच घरी निघाले. पहिली एसटी मिळाली. पाड्यावर पोचून कुडाआड उभी राहिले आणि गंमत म्हणून तिथूनच फोन लावला.

ओट्यावर बा. त्याच्या पुढ्यात उकिडवी आत्या, फोन तिच्या कानाला. मी विचारलं, "बा, जेवलास?" आत्याने हाताने तोंडाशी घास नेला आणि फोन त्याच्या तोंडापुढे धरला. बा ओरडला, "जेवलो गो!" मी विचारलं, "ऐकू येतंय ना नीट?" आत्याने कानाला बोट लावलं. "साफ!" बाचे दोन्ही कान रिकामे होते.

कसंबसं म्हटलं, "दुपारी येतेय रे." आत्याने बोटाने डोक्यावरचा सूर्य दाखवला, मग माझ्या उंचीइतका हात धरला. बा हसला. "ये, ये!"

मी मागे फिरले. स्टॉपवर जाऊन पोटभर रडले. बारा वाजता घरी गेले. बाच्या दोन्ही कानांत इयरबड होते.