धोंड्याचा महिना

सांगली, मार्च १९४३, शुक्रवार

जेवण गेलंच नाही. कलकत्त्याच्या संख्याशास्त्राच्या त्रैमासिकात माझा लेख येतोय, सोमवारी छपाईला जाणार. संध्याकाळी मोठ्या कौतुकानं बायकोला त्यातला हळदीचा तक्ता दाखवला. आकडे तिच्याच वडिलांच्या, मिरजेतल्या दुकानाचे, दिवाळीच्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंतचे. सालाच्या विक्रीला बारानं भागून मी महिन्याची सरासरी काढलेली.

ती म्हणाली, "आवं, गेल्या साली धोंड्याचा महिना न्हवता व्हय? मग म्हैनं तेरा झालं की."

अधिक महिना! विसरलोच कसा? विक्री तेरा महिन्यांची आणि भागिले बारा. सकाळी तार करायची, पण या लढाईच्या दिवसांत ती वेळेवर पोचेल याचा काय भरवसा? संपादक पुन्हा माझा लेख घेतील? कॉलेजात तोंड कसं दाखवू? बारा... लिहिताना हात जरा तरी अडखळायचा!

वर ही हसतेय. "जावई म्हनून पाटावर बसून धोंडं खाल्लं, ते तरी ध्येनात हाय का?"

आहे. चांगलं ध्यानात आहे. वर तूप मागून घेतलं होतं.

आणि लेखाचं नाव काय, तर 'सरासरी काढताना विद्यार्थी कुठे चुकतात'.