पडद्यावरचे हात

ता. ३ एप्रिल

चि. लवंगी हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हो-हो करून सुटतेस, म्हणून पत्र. तुझी आई सांगते की हॉटेलच्या स्वयंपाकघरातली उमेदवारी सांभाळून तू आठवड्यातून दोन संध्याकाळी टीव्हीच्या त्या पाककलेच्या कार्यक्रमाला जातेस. तिथे काय करतेस विचारलं तर मदत करते, एवढंच म्हणतेस. कसली मदत? चार महिन्यांत मला पडद्यावर तुझी सावलीसुद्धा दिसली नाही.

मी तो कार्यक्रम आवाज बंद करून बघतो. बोलण्याच्या नादात डोळे फसतात. परवा ओव्हनमध्ये गेलेल्या भांड्याला कानाजवळ पोचा होता, बाहेर आलं ते गुळगुळीत. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मी एकतीस वर्षं रांधलं, पण आमच्याकडे पेशंट बरे व्हायचे, भांडी नाही.

ऑगस्टमध्ये तुमच्या तिघांतून एकालाच कायम करणार आहेत ना? मग हे दुसरं लचांड कशाला?

मामीचे आशीर्वाद. माझा लोभ आहेच, संशयही आहे, दोन्ही सांभाळ.
तुझा मामा

ता. ११ एप्रिल

ती. मामास लवंगीचा सा. न.

पत्र वाचून हसले आणि मग जरा घाबरले. मामा, तू पोलिसात जायला हवा होतास.

तुझा त्या कार्यक्रमावर राग आहे, ते मला ठाऊक आहे. पण शिकणाऱ्याला तिथे शिकण्यासारखं खूप असतं. गॅस पेटवायच्या आधी सगळं चिरून, मोजून, वाट्यांत मांडून ठेवायचं, हे मी तिथेच अंगवळणी पाडलं. घड्याळाकडे न बघता वेळ ओळखता येते. ताटलीची कड पुसल्याशिवाय हात पुढे होत नाही. आमचे हॉटेलातले शेफ कमी बोलतात आणि जास्त ओरडतात. तिथे निदान कुणी सांगून तरी करतं.

पोच्याचं म्हणशील तर दोन भांडी असतात. एक दाखवायचं, एक आधीच शिजलेलं. सगळ्यांना माहीत असतं, फक्त तू चौकशी लावलीस.

मामीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी लवंगी

ता. २४ एप्रिल

चि. लवंगीस आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. सगळं सांगितलंस, पण तू काय करतेस ते सोडून.

म्हणून गुरुवारी मी खुर्ची टीव्हीला चिकटवून बसलो. कार्यक्रम करणाऱ्या बाईंचं तोंड दिसतं तेव्हा हात दिसत नाहीत, हात दिसतात तेव्हा तोंड नाही. तोंड पन्नाशीचं, हात तेविशीचे. कांदा चिरताना डावा अंगठा समोर आला आणि मी ताडकन उठलो. तू सहा वर्षांची असताना आमच्या दारात चेंगरलेला अंगठा आहे तो. तुला खांद्यावर घेऊन दवाखान्यात मी पळालो होतो. ते वाकडं नख मी विसरेन?

लपवलंस का, याचं मला वाईट वाटलं. रागावलेलो नाही. पण खरं काय ते लिही.
तुझा मामा

ता. २ मे

ती. मामास सा. न.

पकडलंस. ते हात माझेच. कुणाला सांगणार नाही, अशी सही करून दिली आहे, म्हणून आईलाही बोलले नाही. बाईंना संधिवात आहे, सुरी धरवत नाही. मला त्यांची दयाही येते. पुढच्या पर्वात मला शेजारी उभी करून माझी ओळख करून देणार आहेत, असं त्यांनी स्वतः सांगितलं. मामा, हॉटेलात मला कायम केलं नाही तर ही एकच वाट आहे.

कायम करण्याची परीक्षा ऑगस्टवरून अलीकडे आणली आहे, पंधरा जूनला. आशीर्वाद दे आणि नाक मुरडू नकोस.
तुझी लवंगी

ता. ९ मे

चि. लवंगीस आशीर्वाद.

गप्प राहण्यासाठी तुझी सही लागली आणि ओळख करून द्यायला त्यांचा नुसता शब्द पुरला? कागद एकाच बाजूने का लिहिला जातो, हे त्यांना विचार. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. परीक्षेपर्यंत तिकडे जाऊ नकोस, एवढं ऐक.
तुझा मामा

ता. २० जून

ती. मामास सा. न.

तुझं ऐकलं नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही गेले. आता जे झालं ते सांगते.

मशरूमचं सूप करायचं होतं. माझं टेबल बघायला बाकीचे दोघे थांबले होते, इतकं नेटकं. कांदा एकसारखा, वाट्या ओळीत. शेवटी मीठ उंचावरून सोडलं, पडद्यावर सोडते तसं. ताटलीची कड पुसून पुढे केलं. शेफने एक चमचा घेतला, चमचा खाली ठेवला आणि हळू आवाजात विचारलं की तू हे चाखलंस का. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी चाखलंच नव्हतं. मीठ दोनदा पडलं होतं. मामा, कार्यक्रमात मला चाखायची बंदी होती. वाकले की डोकं कॅमेऱ्यात येतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. चाखायला तोंड बाईंचं. गेले पाच-सहा महिने चमचा माझ्या तोंडाकडे वळलाच नाही आणि मला ते कळलंसुद्धा नाही. घरी येऊन खूप रडले. जागा दुसऱ्याला मिळाली. शेफने काढलं नाही. नोव्हेंबरमध्ये पुन्हा बसायला सांगितलंय.

काल रेकॉर्डिंगला गेले. सॉस ढवळता ढवळता सरळ वाकले आणि चाखला. कॅमेरावाला ओरडला. सॉस करपलेला होता, तसं मी मोठ्याने सांगितलं. बाईंनी न चाखताच छान झालाय म्हणून कॅमेऱ्याकडे बघून हसून घेतलं होतं. नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. उद्यापासून येऊ नकोस असा निरोप माणसाकरवी आला.

तू म्हणालास तसंच झालं. आता म्हणून घे.
तुझी लवंगी

ता. ६ जुलै

चि. लवंगीस अनेक अनेक आशीर्वाद.

काही म्हणत नाही. उलट एक कबूल करतो. मीही हल्ली सगळं आधी वाट्यांत मांडतो. मामी अकरा वाट्या घासते आणि तुझ्या नावाने बोटं मोडते. नोव्हेंबरची मला काळजी नाही. तू आता चमचा विसरणार नाहीस.

काल गुरुवार होता. पडद्यावर दुसरे हात होते. कोवळे, नखं सरळ, मनगटाला भाजल्याची ताजी खूण. कुणाची पोर आहे कोण जाणे. तिने मीठ उंचावरून सोडलं, ढवळलं आणि चमचा तसाच बाजूला ठेवला. टीव्हीचा आवाज बंद होता, तरी मी ओरडलो, की अगं पोरी, चाखून बघ. मामी आतून धावत आली आणि विचारायला लागली की एवढं कुणावर ओरडताय.

तिला काय सांगणार? माझ्याकडे त्या पोरीचा पत्ता नाही.
तुझा मामा